शाळेच्या जेवणाच्या अर्जापासून कॅलफ्रेशपर्यंत

ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील शाळा उघडतात तेव्हा पालकांच्या हाती पडणाऱ्या कागदांमध्ये, घरात किती माणसे राहतात आणि महिन्याला किती पैसे येतात हे विचारणारा एक अर्ज असतो. पालक तो भरतात, सही करतात आणि मुलाच्या दप्तरातून परत पाठवतात. त्याच पालकांना घरच्या किराण्यासाठी सरकारी मदत हवी असेल, तर जवळजवळ तीच माहिती काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) कार्यालयात वेगळ्या अर्जावर पुन्हा द्यावी लागते, आणि कित्येक कुटुंबे तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने असेंब्ली बिल ४०२ संमत करून त्यावर एक वाट काढली. पालकांची संमती असेल तर स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, जेवणाच्या अर्जावरील माहिती कॅलफ्रेशचे, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचे, काम पाहणाऱ्या काउंटी कार्यालयाकडे पाठवता येते, मात्र तसे करायचे की नाही हे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी या दोघांच्या मर्जीवर ठेवलेले आहे. त्यामुळे कायदा असूनही काम आपोआप होत नाही, कुणीतरी ते मागे लागून करून घ्यावे लागते. शाळेच्या पालक समितीवर बसणारे, नोंदणीच्या दिवशी टेबल सांभाळणारे किंवा डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात नोकरी करणारे मराठी वाचक हे काम कसे करू शकतील, ते येथे मांडले आहे.

महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला यातली पहिली गोष्टच चमत्कारिक वाटते. आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना खिचडी मिळते ती पटावर नाव आहे म्हणून, घरची मिळकत कुणी विचारत नाही, आणि शिधापत्रिकेचा व्यवहार तहसील कार्यालयाकडे वेगळा चालतो. अमेरिकेत १९४६ च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यापासून शाळेतील जेवणाला सरकारी अनुदान मिळते, पण एखाद्या मुलाचे जेवण मोफत, सवलतीचे की पूर्ण किमतीचे हे बहुतेक राज्यांत घरच्या उत्पन्नावरून ठरते. उत्पन्न विचारणारा हा अर्ज त्यामुळेच जन्माला आला, आणि त्याच्यामुळेच शाळेच्या कार्यालयात गरजू कुटुंबांची एक आयती यादी तयार होते. एरवी खटकणाऱ्या या पद्धतीचा एवढा एक उपयोग आहे.

आधी दोन योजनांची मापे जुळवून पाहावीत

२०२५-२६ या शालेय वर्षात चार माणसांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४१,७९५ डॉलरपर्यंत असेल, तर मुले मोफत जेवणाच्या गटात येतात, आणि ५९,४७८ डॉलरपर्यंत असेल, तर सवलतीच्या गटात. या मर्यादा फेडरल (केंद्र सरकारच्या) दारिद्र्यरेषेच्या अनुक्रमे १३० आणि १८५ टक्के आहेत. कॅलफ्रेश म्हणजे देशभर स्नॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि पूर्वी फूड स्टॅम्प म्हटल्या जाणाऱ्या योजनेचे कॅलिफोर्नियातील नाव. तिथे बहुतेक कुटुंबांसाठी एकूण उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २०० टक्के आहे, म्हणजे चार माणसांसाठी महिन्याला सुमारे ५,३६० डॉलर. ही दोन मापे शेजारी ठेवली की दिसते ते असे: ज्या कुटुंबाचे नाव शाळेच्या यादीत मोफत किंवा सवलतीच्या गटात आहे, ते कॅलफ्रेशची पहिली पायरी बहुधा आधीच चढलेले असते.

पहिली पायरी म्हणण्याचे कारण असे की पुढचा हिशेब निव्वळ उत्पन्नावर होतो. घरभाडे, मुलांना सांभाळण्याचा खर्च आणि मिळकतीचा काही भाग वजा करून जे उरते, त्याचे तीस टक्के कुटुंबाने स्वतः अन्नावर खर्च करावेत असे धरतात, आणि तेवढे जास्तीत जास्त मदतीतून वजा करून उरलेली रक्कम दिली जाते. ऑक्टोबर २०२५ पासून चार माणसांच्या कुटुंबासाठी ही जास्तीत जास्त मदत महिन्याला ९९४ डॉलर आहे. सवलतीच्या गटाच्या वरच्या टोकाला असलेल्या कुटुंबाच्या वाट्याला अगदी थोडे किंवा काहीच येणार नाही, असेही घडते. म्हणून शाळेच्या टेबलावर बसणाऱ्याने ‘तुम्हाला मिळेलच’ असे कधी म्हणू नये. ‘तुम्ही बहुधा अर्ज करण्यास योग्य आहात, रक्कम काउंटी ठरवेल’ एवढेच सांगावे.

कुटुंब कुणाला म्हणायचे, यातही फरक आहे. शाळेचा अर्ज एका छपराखाली राहून मिळकत आणि खर्च वाटून घेणाऱ्या सगळ्यांना मोजतो. कॅलफ्रेश एकत्र किराणा आणून एकत्र स्वयंपाक करणाऱ्यांना मोजते. मात्र पती-पत्नी, तसेच आई-वडिलांजवळ राहणारी बावीस वर्षांखालील मुले यांना तिथे वेगळे धरता येत नाही. एका घरात दोन भावांची बिऱ्हाडे राहत असतील आणि चुली वेगळ्या असतील, तर शाळेच्या अर्जावर सात माणसे आणि कॅलफ्रेशच्या अर्जावर चार माणसे दिसणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. काउंटीच्या कर्मचाऱ्याला ही तफावत खटकू शकते, म्हणून कुटुंबाला ती आधीच समजावून सांगणे चांगले.

माहिती कोणत्या दिशेने जाते

पुष्कळ पालकांची समजूत अशी असते की मुलाला शाळेत मोफत जेवण मिळते, त्या अर्थी आपले नाव सरकारदरबारी गेलेच असेल. प्रत्यक्षात बंधनकारक वाट उलट्या दिशेची आहे. २००४ च्या कायद्याने ठरवून दिले की स्नॅप घेणाऱ्या घरातील मुलांना शाळांनी अर्ज न मागता मोफत जेवणासाठी पात्र धरावे. आधी मोठ्या आणि मग लहान डिस्ट्रिक्टना लागू करत २००८-०९ पर्यंत ही पद्धत सगळीकडे आली, आणि तिला थेट प्रमाणन म्हणतात. राज्याच्या संगणकात शाळेची यादी आणि कॅलफ्रेशची यादी एकमेकांशी ताडून पाहिली जाते. मेडी-कॅल या आरोग्य योजनेच्या यादीशीही कॅलिफोर्नियात तसेच केले जाते. घरातील एक मूल जुळले तर त्याच घरातील शाळेत जाणारी बाकीची भावंडेही पात्र ठरतात, परंतु त्यांची नावे संगणकाला सापडली नसतील तर पालकांनी शाळेला कळवावे लागते.

इथे मराठी घरांची एक खास अडचण येते. पासपोर्टवर मधले नाव म्हणून वडिलांचे नाव असते, शाळेत ते गाळलेले असते, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये कुठे एक अक्षर जास्त तर कुठे कमी असते, आणि काही वेळा पहिले व मधले नाव जोडून एकच शब्द झालेला असतो. नाव आणि जन्मतारीख यांवरच जुळणी चालत असल्यामुळे असे मूल यादीतून सहज निसटते. शाळेची आणि काउंटीची नोंद अक्षरशः सारखी आहे ना हे एकदा पाहून घेण्याला पाच मिनिटे लागतात.

शाळेकडून काउंटीकडे जाणारी वाट मात्र आपण बांधली तरच असते.

करार

सुरुवात डिस्ट्रिक्टच्या भोजन विभागापासून करावी, मुख्याध्यापकांपासून नव्हे. अर्ज त्या विभागाकडे असतात आणि त्यांच्या गोपनीयतेची जबाबदारीही त्याच विभागावर असते. काउंटीशी असा सामंजस्य करार आधीपासून आहे का, हे सर्वप्रथम विचारावे. काही वेळा करार झालेला असतो, पण तो करणारा अधिकारी बदलून गेल्यावर कागद फायलीत पडून राहतो. करार नसेल तर विषय डिस्ट्रिक्टच्या शालेय मंडळाच्या बैठकीत मांडावा लागतो. या बैठका जनतेला खुल्या असतात आणि नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो.

करारात काय असावे? कोणते रकाने पाठवायचे, ते कोण पाहील, किती दिवसांनी पाठवायचे, कोणत्या सुरक्षित मार्गाने पाठवायचे, आणि काउंटीने ती माहिती कॅलफ्रेशव्यतिरिक्त कशासाठीही वापरायची नाही, हे सर्व त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. एका कलमाकडे माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे: काउंटी आलेली माहिती हाच कॅलफ्रेशचा अर्ज मानणार, की केवळ कुटुंबाला फोन करून वेगळा अर्ज भरायला सांगणार? फरक दिसायला लहान आहे, पण कॅलफ्रेशमध्ये पहिल्या महिन्याची रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. ऑगस्टमध्ये सही केलेल्या कुटुंबाचा अर्ज ऑक्टोबरमध्ये नोंदला गेला, तर मधले आठवडे त्यांच्या हातून गेले. करारात दुसरा पर्याय असेल, तर कुटुंबाने त्याच दिवशी बेनिफिट्सकॅल या संकेतस्थळावर नाव, पत्ता आणि सही एवढे देऊन अर्ज नोंदवून ठेवावा. बाकीचे रकाने नंतर भरता येतात, तारीख मात्र राखली जाते.

संमतीचा मजकूर

संपूर्ण कामाचा जीव या परिच्छेदात आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो घाईने लिहिलेला आढळतो. फेडरल नियमांप्रमाणे मुलाचे नाव आणि तो कोणत्या गटात पात्र ठरला एवढे तुलनेने सारख्या अटी असलेल्या पोषण योजनेला पालकांना न विचारताही सांगता येते. पत्ता, फोन, घरातील माणसे, उत्पन्न ही बाकीची माहिती देण्यासाठी लेखी संमती लागते. नुसत्या नावाचा काउंटीला फारसा उपयोग नसतो, म्हणून संमतीवाचून गाडी पुढे सरकत नाही. संमतिपत्रात कोणती माहिती जाणार, कशासाठी जाणार, ती त्याच कामापुरती राहणार, आणि सही न केल्यास शाळेच्या जेवणावर परिणाम होणार नाही, हे लिहिणे आवश्यक आहे. एकाहून जास्त योजनांची नावे असतील तर हवी तेवढीच निवडण्याची मुभा पालकांना हवी, आणि खाली सही व तारीख हवी.

मराठीत समजावून सांगताना पुढील मजकूर वापरता येईल: ‘माझ्या मुलाच्या शालेय भोजनाच्या अर्जावरील नावे, पत्ता, फोन क्रमांक, घरातील माणसांची संख्या आणि उत्पन्न ही माहिती, आमचे कुटुंब कॅलफ्रेशसाठी पात्र आहे का हे तपासण्यापुरती, काउंटीला देण्यास माझी संमती आहे. मी ही संमती दिली नाही तरी माझ्या मुलाच्या शाळेतील जेवणात काही फरक पडणार नाही.’ सही मात्र डिस्ट्रिक्टने छापलेल्या अधिकृत मसुद्यावरच घ्यावी. तोंडी होकार, किंवा स्वयंसेवकाने पालकाच्या वतीने टाकलेली खूण, चालत नाही.

संमतीचा रकाना जेवणाच्या अर्जाच्या सहीखाली, पण स्वतंत्र सहीसह असावा. तो वेगळ्या कागदावर टाकला तर तो कागद हरवतो, आणि मुख्य सहीतच मिसळला तर पालकांनी जाणूनबुजून होकार दिला असे म्हणता येत नाही. शाळेच्या अर्जावर सही करणाऱ्या मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारलेले असतात, आणि क्रमांक नसल्यास तशी खूण करण्याची सोय असते. हा रकाना काउंटीकडे पाठवण्याच्या यादीत घालू नये. कॅलफ्रेशसाठी ज्यांचा अर्ज आहे त्यांचेच क्रमांक लागतात, आणि ते काउंटी स्वतः मागून घेते.

पाठवल्यानंतरचे तीस दिवस

माहिती पोहोचली म्हणजे मदतीची रक्कम ज्यावर जमा होते ते कार्ड मिळाले असे नाही. काउंटीला निर्णयासाठी साधारणपणे तीस दिवसांची मुदत असते, आणि त्यात मुलाखत होते, बहुधा फोनवर. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन न उचलण्याची सवय आता सर्वांनाच लागली आहे, आणि या सवयीमुळे अर्ज फेटाळले जातात. संमती घेतानाच पालकांना सांगून ठेवावे की काउंटीचा फोन येईल आणि तो चुकला तर स्वतः परत करावा. दुभाषा विनामूल्य पुरवणे काउंटीवर बंधनकारक आहे. मराठी दुभाषा हवा असे स्पष्ट सांगावे, आणि बारा वर्षांच्या मुलाला मध्ये घालून आईच्या मिळकतीची चौकशी होऊ देऊ नये.

शाळेचा अर्ज पालकांच्या शब्दावर चालतो. शाळा नंतर थोड्याच अर्जांची पडताळणी करते आणि ती १५ नोव्हेंबरपर्यंत संपवते. कॅलफ्रेश मात्र कागद मागते: ओळखपत्र, गेल्या तीस दिवसांच्या पगाराच्या पावत्या, भाड्याची पावती किंवा करार. रोख मजुरीवर काम करणाऱ्याकडे पगाराची पावती नसते, त्याला मालकाची चिठ्ठी किंवा स्वतःचे सहीचे निवेदन देता येते का, हे काउंटीला विचारावे. भाड्याचा कागद लोक सर्वांत जास्त विसरतात, आणि कॅलिफोर्नियातील भाडी पाहता मदतीची रक्कम वाढते ती याच कागदामुळे.

ज्यांच्या घरात खरोखरच काही नाही त्यांना तीस दिवस थांबावे लागत नाही. महिन्याचे उत्पन्न १५० डॉलरहून कमी आणि हातातील रोकड व बँकेतील शिल्लक मिळून १०० डॉलरच्या आत असेल, किंवा महिन्याचे भाडे आणि वीज-पाण्याचा खर्च हा उत्पन्न व शिल्लक यांच्या बेरजेहून जास्त असेल, तर कॅलिफोर्नियात तीन दिवसांत मदत सुरू व्हायला हवी. अशा कुटुंबाच्या बाबतीत शाळेकडून काउंटीला जाणाऱ्या यादीची वाट न पाहता त्याच दिवशी काउंटीला फोन करावा.

व्हिसा आणि ग्रीन कार्डबद्दलची भीती

शाळेतील जेवणासाठी नागरिकत्व किंवा व्हिसा कुणीही विचारत नाही. कॅलफ्रेशचे तसे नाही. एच-१बी किंवा एच-४ वर असलेले आई-वडील स्वतः पात्र नसतात, परंतु इथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांसाठी अर्ज करता येतो. अशा वेळी पालकांना स्वतःचे उत्पन्न सांगावे लागते, स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना पाच वर्षे थांबण्याची अट नाही. मोठ्यांना ती आहे, पण त्यांच्यापैकी अनेकांना कॅलिफोर्निया स्वतःच्या पैशातून तशीच मदत देते. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्याने निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या व्यक्तींच्या पात्रतेला कात्री लावली, त्यामुळे जुन्या पत्रकांवर विसंबून उत्तर देऊ नये.

‘सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्ड नाकारतील’ या भीतीबद्दलही सावधपणे बोलावे. २०२२ च्या नियमाप्रमाणे शाळेचे जेवण आणि स्नॅप यांची त्या निर्णयात गणना होत नाही, तथापि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नियम मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. ज्या कुटुंबाचे कागद प्रक्रियेत आहेत त्यांना मोफत कायदा-सल्ला केंद्राकडे पाठवावे आणि सहीचा आग्रह धरू नये. शाळेच्या टेबलावरून दिलेला उत्साही पण चुकीचा सल्ला त्यांना फार महागात पडू शकतो.

सर्वांना जेवण मोफत असताना अर्ज कशाला

२०२२-२३ पासून कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत प्रत्येक मुलाला न्याहारी आणि दुपारचे जेवण विनामूल्य मिळते. निर्णय उत्तमच आहे, पण त्याने आपल्या या वाटेचा पहिला दगड सैल केला, कारण जेवण मिळतेच तर अर्ज कोण भरणार. काही शाळा जेवणाच्या अर्जाऐवजी शाळेच्या अनुदानासाठी पर्यायी उत्पन्न-पत्रक भरून घेतात. हे पत्रक म्हणजे भोजन योजनेचा अर्ज नव्हे, आणि त्यावरील माहितीला वेगळे गोपनीयता नियम लागू होऊ शकतात. तेव्हा संमतीचा मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलण्यापूर्वी डिस्ट्रिक्टच्या कायदेशीर सल्लागाराला विचारावे.

मुख्याध्यापकांना पटवायचे असेल तर त्यांच्यासमोर एक हिशेब ठेवावा. कम्युनिटी एलिजिबिलिटी या फेडरल तरतुदीखाली चालणाऱ्या शाळेत, अर्जाशिवाय थेट ओळखल्या गेलेल्या मुलांच्या टक्केवारीला १.६ ने गुणतात आणि तितक्या टक्के जेवणांना सरकारकडून मोफत जेवणाचा पूर्ण दर मिळतो. पाचशे मुलांपैकी दोनशे मुले ओळखली गेली असतील तर ४० गुणिले १.६, म्हणजे ६४ टक्के. आणखी पन्नास मुलांची कुटुंबे कॅलफ्रेशमध्ये गेली तर ५० गुणिले १.६, म्हणजे ८० टक्के. ६२.५ टक्के मुले ओळखली गेली की सर्वच जेवणांना पूर्ण दर लागू होतो. एका कुटुंबाचा किराणा आणि शाळेचा ताळेबंद दोन्ही एकाच सहीने सुधारतात हे आकड्यांत दिसले की भोजन विभाग जास्त आपुलकीने बोलू लागतो.

कार्ड हाती आल्यावर

कॅलफ्रेश मंजूर झाल्याचे पत्र आले की त्यावरील केस क्रमांक शाळेला कळवावा. संगणकाची जुळणी होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. क्रमांक दिला की उत्पन्नाचे रकाने भरण्याची गरज उरत नाही, आणि थेट प्रमाणन झालेल्या मुलाचे नाव शाळेच्या पडताळणीतही येत नाही. शाळेतील पात्रता त्या संपूर्ण शालेय वर्षासाठी टिकते, मधे कॅलफ्रेश थांबली तरी. पुढच्या वर्षी सुरुवातीच्या तीस शालेय दिवसांपर्यंत जुनी पात्रता चालते, त्यानंतर नव्याने जुळणी किंवा नवा अर्ज लागतो. कॅलफ्रेश टिकवण्यासाठी बहुतेक कुटुंबांना दर सहा महिन्यांनी अहवाल भरावा लागतो, आणि तो चुकल्यामुळे बंद पडलेली प्रकरणे नव्या अर्जांइतकाच वेळ खातात.

उन्हाळ्यासाठी सन बक्स ही आणखी एक योजना २०२४ पासून सुरू आहे. पात्र शाळकरी मुलाला सुट्टीच्या तीन महिन्यांसाठी मिळून १२० डॉलर वेगळ्या कार्डावर मिळतात. कॅलफ्रेशमधील मुलांना त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. बाकीच्यांना मात्र शाळेच्या जेवणाचा किंवा त्यासारखा मान्य अर्ज भरलेला असावा लागतो, म्हणून मार्च ते मे या काळात शाळेने दुसऱ्यांदा अर्ज वाटावेत. त्याच वेळी संमतीचा रकानाही पुन्हा समोर येतो, आणि ऑगस्टमध्ये ‘नको’ म्हणालेल्या पालकांची परिस्थिती तोवर बदललेली असू शकते. या कार्डावरील रक्कम १२२ दिवसांत वापरली नाही तर परत जाते, आणि कार्ड टपालाने येते. शाळेत नोंदलेल्या पत्त्यावरून घर बदललेल्या कुटुंबांचे कार्ड जुन्या घराच्या टपालपेटीत पडून राहते, म्हणून मेच्या अखेरीस शाळेकडे आणि काउंटीकडे, दोन्ही ठिकाणी, पत्ता तपासून घ्यावा.